शेळी आठवडाभर थांबते, सोयाबीन थांबत नाही

चूल आवरली असेल तर निवांत बसा, नसेल तर आवरता आवरता ऐका.

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. तिथं एक नवी सून म्हणाली, "ताई, शिवणकाम शिकले, मशीनही आली. पण खुरपणी आली की मशीन बंद, आणि मशीन चालू ठेवली की शेतात गवत. दोन्ही कसं जमवायचं?" बैठकीची वेळ संपली, तिला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज त्यावरच बोलते.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार आपल्या राज्यात एका खातेदाराकडं सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन येते. आपल्यापैकी कित्येकींकडं तेवढीही नाही. एवढ्या कोरडवाहू रानावर वर्षभराचं घर, शाळा, दवाखाना भागत नाही. जोडकाम लागतंच. पण जोडकामानं शेतच खाल्लं तर काय उपयोग?

मी ही चूक स्वतः केली आहे. आमचं दोन एकर रान, सोयाबीन आणि तूर. पशुसखीचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा मला नवा हुरूप होता. कुणी बोलावलं की निघायचे. त्या वर्षी ऑक्टोबरात सोयाबीन पिवळं पडलं, पानं गळाली. त्याच आठवड्यात शेजारच्या दोन गावांतून शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं बोलावणं आलं. मालक म्हणाले, "मजूर मिळंना, तू थांब." मी म्हटलं, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे." चाराचे नऊ झाले. दहाव्या दिवशी रानात गेले तर ऊन कडक तापलेलं आणि शेंगा तडतड फुटत होत्या. दाणे सगळे मातीत. मी आणि माझी लेक संध्याकाळपर्यंत सुपात वेचत बसलो. औषध पाजून जेवढे मिळाले, त्याहून जास्त त्या मातीत गेले. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "सोड ते काम." खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

मला काम शिकवणाऱ्या एक थोरल्या ताई होत्या. त्यांच्या कानावर गेलं तशा त्या एक कोरी वही घेऊन घरी आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काम चुकलं नाही, तारीख चुकली."

त्यांनी वहीत बारा महिन्यांचे बारा रकाने आखायला लावले. आधी शेताचं लिहिलं. जून-जुलैत पेरणी, कोळपणी, खुरपणी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी-मळणी. डिसेंबर-जानेवारीत तूर. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत रान बहुतेक रिकामं. मग त्याच रकान्यांत पशुसखीचं काम लिहिलं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी. जंताचं औषध एकदा पावसाआधी आणि एकदा पाऊस सरल्यावर. वही समोर आली तशी माझी चूक मलाच दिसली. पाऊस सरल्यावरचा डोस आठवडाभर पुढं ढकलला असता तर धडधाकट शेळ्यांचं काही बिघडलं नसतं. पिकलेलं सोयाबीन मात्र आठवडाभर थांबत नाही.

तेव्हापासून कुठलंही काम आलं की मी आधी एकच विचारते, हे काम थांबतं का?

तुमची कामं याच चाळणीतून घाला. शिवणकाम थांबतं, फक्त लग्नसराई आणि दिवाळीचे कपडे थांबत नाहीत. म्हणून खुरपणीच्या पंधरवड्यात नवं कापड घ्यायचं नाही, गिऱ्हाइकाला पुढची तारीख आधीच सांगायची. पापड, कुरडया, शेवया ही कामं उन्हाळ्याची आहेत आणि तेव्हा रान रिकामं असतं, त्यांची जोडी चांगली जमते. तुरीची डाळ करून विकायची असेल तर तूर जानेवारीत घरात येते, डाळ उन्हाळ्यात करता येते. दुधाचं जनावर मात्र एक दिवसही थांबत नाही. धार काढायला घरात दुसरा माणूस असेल तरच ते घ्या. शाळेत पोषण आहार शिजवायचं काम रोज ठरल्या वेळेचं असतं. ते घेतलं तर काढणीच्या आठवड्यात तुमच्या जागी कोण, हे आधी ठरवा.

जी कामं दोन्हीकडून थांबत नाहीत, तिथं गट उपयोगी पडतो. आपल्या आज्या सावड करत. आज सगळ्या माझ्या रानात, उद्या सगळ्या तुझ्या. आमच्या गटात आम्ही पाचजणींनी काढणीपुरती सावड पुन्हा सुरू केली. मजुरांची वाट बघणं कमी झालं. कुणाचं सोयाबीन आधी पिकलं हे बघून क्रम लावतो, मान-अपमान नाही.

आता पैशाचं. जोडकामाचा पैसा हातात येतो आणि चहा-साखरेत, आल्यागेल्यात विरघळतो. त्या ताईंनी मला तीन डबे करायला लावले. पहिला डबा बी-खताचा. पेरणीला रोख हातात असेल तर दुकानदार उधारीवर देईल तेच घ्यावं लागत नाही, आपल्याला हवं ते घेता येतं. दुसरा डबा गटाच्या हप्त्याचा. तिसरा घरखर्चाचा. पहिल्या दोन डब्यांत पडल्यावर उरेल ते तिसऱ्यात. पहिल्या वर्षी बी-खताच्या डब्यात फार काही साठलं नाही. तरी खताची निम्मी उधारी टळली.

आणि हिशेबात स्वतःची मजुरी लिहा. शेतात तुम्ही किती दिवस राबलात ते लिहिलंच नाही तर जोडकाम परवडतं की नाही हे कळणार कसं?

आता मार्गदर्शनाबद्दल. प्रशिक्षण तीन दिवसांत संपतं, अडचण त्यानंतर सुरू होते. तेव्हा हाकेच्या अंतरावर कुणीतरी लागतं. ही रीत आपल्याच भागात रुजलेली आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या बायका घरबांधणीत पुढं आल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्याच काहीजणी तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. पुढं दुष्काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत बायकांनी घरच्यांकडून एक एकर किंवा त्याहून कमी रान मागून घेतलं. त्यात घरी खायची कडधान्यं, धान्य, भाजी पिकवली आणि शेजारणींना शिकवलं. त्या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

चांगली मार्गदर्शक ओळखायची कशी? ती तुमचं काम स्वतः करत नाही, तुमच्याकडून करून घेते. माझ्या ताईंनी सोयाबीनची उगवण तपासायला असंच शिकवलं. शंभर दाणे मोजायला लावले, ओल्या गोणपाटात गुंडाळायला लावले, आठवड्यानं मोजायला लावले. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरतं, कमी उगवले तर त्या मानानं बी वाढवायचं, फारच कमी उगवले तर ते बी पेरायचंच नाही. पुढच्या वर्षी त्यांना विचारावं लागलं नाही. आणि चांगली मार्गदर्शक आपली फसलेली गोष्टही सांगते. फक्त यश सांगणाऱ्या बाईकडून फार शिकता येत नाही.

घरातही बोला. ती वही मी मालकांना आणि सासूबाईंना दाखवली. "सोड" म्हणणाऱ्या सासूबाईच आता म्हणतात, "या आठवड्यात जाऊ नको, पुढच्या सोमवारी जा." बोलताना एक गोष्ट राहून जाऊ देऊ नका. ज्या रानासाठी आपण एवढं जुळवतो, त्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का? नसेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेत पतीच्या हयातीतच त्याच्यासोबत बायकोचं नाव लावता येतं. तलाठ्याकडं चौकशी करा.

येत्या बैठकीत एवढंच करा. बचत, कर्ज, परतफेड, नोंदी झाल्या की प्रत्येकीनं बारा रकाने आखायचे. थांबणारं काम एका रंगानं, न थांबणारं दुसऱ्या रंगानं. ज्या महिन्यात न थांबणारी दोन कामं एकत्र येतात, तिथं फुली मारा आणि त्या फुलीवर गटात बोला. लिहिता येत नसेल तर शेजारणीकडून लिहून घ्या, रंग मात्र स्वतः भरा.

शिवणकाम शिकलेल्या त्या मुलीकडं मी परवा कोरी वही घेऊन जाणार आहे. तिची फुली बहुतेक जुलैत येईल. बघू, काय निघतं ते.