तळे खणावे की खणून घ्यावे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एकच विषय होता, तो म्हणजे तळे. बेळगावच्या पश्चिमेला आमची तांबड्या मातीची थोडी जमीन आहे. पावसाळ्यात भात चांगले येते. पण दिवाळीनंतर विहीर आटू लागते आणि भातामागे केलेला भाजीपाला डोळ्यांदेखत वाळतो. म्हणून पावसाचे पाणी शेतातच साठवायचे ठरले. कर्नाटक सरकारने २०१४ साली 'कृषी भाग्य' योजना सुरू केली, तेव्हापासून 'कृषी होंड' हा शब्द आमच्या कानांवर आहे. आजीने तो प्रथम ऐकला तेव्हा, "सरकार फटफटी देतंय व्हय?" असे विचारले होते. असो.

प्रश्न होता, तळे आपण खणावे की गुत्त्याने द्यावे? काका म्हणाले, "घरची माणसं आहेत, मजुरी कशाला द्यायची?" म्हणून वडील, काका आणि मी कुदळ, फावडे व घमेली घेऊन उतरलो. चार दिवसांत ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्डा झाला. म्हणजे १६ घनमीटर. दिवसाला अवघे चार. आम्हांला हवे होते वर २० × २० मीटर तोंडाचे, ३ मीटर खोलीचे तळे. या वेगाने त्याला सात महिने लागले असते, आणि रोहिणी नक्षत्र दोन महिन्यांवर होते. शिवाय 'घरची मजुरी फुकट' हेही खरे नाही. त्या चार दिवसांत वडिलांचा गवंडीकामाचा रोज बुडाला. वर्गात सर ज्याला 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट' म्हणतात, ती मला पुस्तकात नव्हे, त्या खड्ड्यात समजली.

मग एका गुत्तेदाराला बोलावले. त्याने कन्नडमध्ये लिहिलेला कागद दिला. वडिलांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. "पोरी, सही करायच्या आधी वाच बघू," असे म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. दर होता घनमीटरला ६० रुपये, आणि माप होते २० × २० × ३, म्हणजे १,२०० घनमीटर. बिल ७२,००० रुपये.

येथेच खरी मेख होती. तळ्याच्या भिंती सरळ उभ्या ठेवल्या तर पहिल्याच पावसात ढासळतात. म्हणून त्यांना उतार द्यावा लागतो आणि तळे घमेल्यासारखे खाली अरुंद होत जाते. एक मीटर खोलीला एक मीटर उतार धरला, तर २० मीटरच्या तोंडाखाली तळ १४ मीटरचाच राहतो. अशा खड्ड्याचे माप काढण्याची रीत सोपी आहे. वरचे क्षेत्रफळ, मधल्या क्षेत्रफळाची चौपट आणि तळाचे क्षेत्रफळ यांची बेरीज करावी, तिला सहाने भागावे व खोलीने गुणावे. ४००, १,१५६ आणि १९६ मिळून १,७५२. सहाने भागून तीनने गुणल्यास ८७६ घनमीटर. उरलेली ३२४ घनमीटर माती कोणी खणणारच नव्हते, पण तिचे पैसे मात्र आम्ही देणार होतो!

गुत्तेदार म्हणाला, "सगळीकडं असंच मोजतात." वडिलांनी वाद घातला नाही. "माप खरं धरा, दर पाहिजे तर वाढवून मागा," एवढेच ते बोलले. दर ७० रुपये ठरला. बिल झाले ६१,३२० रुपये.

तासाच्या भाड्याने जेसीबी आणून स्वतः देखरेख करावी, असा तिसरा मार्गही होता. पण त्यात खाली कठीण मुरूम लागला तर मीटर आमच्या नावे धावणार. घनमीटरच्या गुत्त्यात ती जोखीम गुत्तेदाराची असते आणि त्याच्या दरात तिची किंमत धरलेली असते. ठोक रकमेत काम दिले, तर तळे उथळ सोडण्याचा मोह. आमच्या तळ्याची खोली ३ ऐवजी २ मीटरच राहिली असती, तर पाणी ८७६ वरून सुमारे ६५० घनमीटरवर आले असते. एक एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे २०० घनमीटर लागते. म्हणजे त्या एका मीटरपायी पिकाची एक पाळी बुडते. म्हणून शेवटचा हप्ता खोली मोजल्यावरच द्यायचा, अशी अट मी कागदावर कन्नडमध्ये लिहिली. सव्वादोन मीटरवर खरोखरच कठीण मुरूम लागला. गुत्तेदार दोन दिवस कुरकुरला, पण काम पुरे झाले. माप खड्ड्याचेच घेतले. बाहेर काढलेली माती फुगते, तिच्या ट्रॉल्या मोजल्या तर आकडा वाढतो.

तांबडी माती पाणी धरत नाही, म्हणून तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरला. तो खर्च कोणत्याही मार्गाने आलाच असता, म्हणून तुलनेतून वगळला. कुंपण घालणे, बांधावर गवत लावणे ही कामे आम्हीच केली. ओल्या प्लास्टिकवरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून गाठी मारलेले दोर आत सोडले. माझी एक चूक झाली. पाणी आत येते तेथे गाळ अडवण्याचा खड्डा मी 'नंतर करू' म्हणून काटकसरीत मागे ठेवला होता. पहिल्याच वळवाने तळ्यात चिखल आणून सोडला. पुढच्या रविवारी तो खड्डा आम्ही तिघांनीच खणला.

तात्पर्य, जिथे हजार घमेली माती हलवायची तिथे यंत्र व गुत्ता बरा. जिथे रोजची नजर लागते तिथे घरचे हात बरे. पण काम कोणीही करो, टेप आपल्या हाती असावा आणि कागद आपल्याला वाचता यावा. हिशेबवहीवर त्या दिवशीची बचत १०,६८० रुपये लिहिली आहे. कन्नड शिकल्याचा खर्च मी त्यात धरलेला नाही.