वारी घडते, शतपावली का घडत नाही?

बुलढाणा जिल्ह्याला चालण्याचे माहात्म्य सांगावयाचे म्हणजे गंगेकाठी पाण्याची महती गाण्यासारखे आहे. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पायी जाते; वाट सातशेहून अधिक किलोमीटरांची आणि चाल सुमारे महिनाभराची. परतीच्या प्रवासात ती खामगावला आली म्हणजे तेथून शेगावपर्यंत हजारो माणसे तिच्यामागून चालू लागतात. त्यांत शिक्षक असतात, कचेरीतील लिपिक असतात, बँकेतील रोखपाल असतात. एरवी कोपऱ्यावरून दूध आणावयाचे तरी मोटारसायकल काढणारी ही मंडळी त्या दिवशी सोळा-सतरा किलोमीटर विनातक्रार चालतात, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा मोटारसायकलला किक मारतात.

याला आळस म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. आळशी माणूस खामगावहून शेगावला पायी जात नाही. वारीची तिथी पंचांगाने ठरविलेली असते, वाट ठरलेली असते, बरोबर दिंडी असते आणि पुढल्या मुक्कामी कोणीतरी वाट पाहत असते. ‘आज निघावे की न निघावे’ हा प्रश्न वारकऱ्याला रोज पहाटे स्वतःशी सोडवावा लागत नाही. उलट नोकरदार माणूस पंचेचाळिशीत चालावयाचे ठरवितो, तेव्हा त्याच्यापाशी केवळ निश्चय असतो. जानेवारीत नवे बूट येतात, पहिल्याच दिवशी पाच किलोमीटरांची मजल मारली जाते, चौथ्या दिवशी पोटऱ्या दुखतात, आठव्या दिवशी घरी पाहुणे येतात, आणि बूट पलंगाखाली जातात.

लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधिका फिलिपा लॅली यांनी सवय जडण्यास किती काळ लागतो याचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध केला. मध्यमान निघाले 66 दिवसांचे. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा खंड पडत नाही. आपल्याकडे मात्र व्रत मोडले म्हणजे ते संपलेच, अशी समजूत. पाहुणे आले म्हणून कोणी कायमची शाळा सोडीत नाही. चालणे मात्र सोडले जाते!

विषय किरकोळ नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींवर आहेत. बैठे काम हृदयाला बाधते, हेही नवे नाही. जेरेमी मॉरिस यांनी 1953 मध्येच दाखविले होते की, लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होतो. आपला लिपिकवर्ग सारा त्या चालकांच्या पंक्तीला बसलेला आहे.

‘दहा हजार पावले’ हा आकडा ऐकून पुष्कळांचे अवसान गळते. तो मुळात वैद्यकातला नव्हे. 1965 च्या सुमारास जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावातला आहे. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या 2019 च्या एका अभ्यासात साधारण 4,400 पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले आणि 7,500 च्या पुढे अधिक लाभ आढळला नाही.

आपल्या पूर्वजांचा आकडा तर शंभराचाच होता. शतपावली! जेवणानंतरचे हे चालणे रक्तातील साखर आवरण्यास उपयुक्त ठरते, हे आता प्रयोगांनीही दिसून आले आहे. शतपावलीचे मर्म तिच्या जागेत आहे. जेवण रोज होतेच. त्यालाच चालणे बांधून टाकले की निश्चयाची गरज उरत नाही. चिखली तर घाटावरचे गाव. घाटाखालच्या खामगाव-शेगावच्या मानाने येथे उन्हाळ्यातही रात्रीची हवा सुसह्य असते. चिखलीहून बुलढाण्याला किंवा आसपासच्या खेड्यांतील शाळांत अपडाऊन करणाऱ्यांनी बसस्थानकापर्यंतचे जाणे-येणे पायी केले, तरी निम्मे काम होते. शेजारच्या एका माणसाशी वेळ ठरवावी; तो फाटकाशी उभा आहे म्हटल्यावर पांघरूण आपोआप बाजूला होते. दिंडीला दोन माणसेही पुरतात.

हे सारे पुरुषांना सांगणे सोपे आहे. सकाळी स्वयंपाक, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, अशा चक्रात अडकलेल्या शिक्षिकेने रात्री साडेनऊला अंधाऱ्या रस्त्याने, मोकाट कुत्र्यांतून, मालमोटारींच्या कडेने चालावे, असे कोणी सुचविणार असेल तर त्याने आधी स्वतःच्या पत्नीला त्या रस्त्याने पाठवून पाहावे. घरातील काम वाटून घेतल्याशिवाय तिला वेळ मिळणार नाही, आणि पदपथ व दिवे यांच्याशिवाय तिला वाट मिळणार नाही. पहिली गोष्ट घराची, दुसरी नगरपरिषदेची. पदपथ होतील तेव्हा होतील. तूर्त गावातील शाळांची क्रीडांगणे रात्री दहापर्यंत दिवे लावून उघडी ठेवावयाची, तर एका पहारेकऱ्याच्या पगाराएवढाच काय तो जादा खर्च आहे.