रोज तासभर रियाज, तरी चूक तीच? नेमकं कुठं बिघडतं, समजून घ्या

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. शास्त्रीय कलेच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यातही शाळा आणि ट्यूशन सांभाळून पेटी, तबला किंवा कीबोर्डसाठी तासभर काढणारी मुलं दिसतात. पालकांची तक्रार मात्र ठरलेली असते : ‘रोज बसतो, तरी तिथंच अडतो.’

तास वाढवले तर फरक पडतो का?

‘दहा हजार तास’ हा आकडा अनेकांनी ऐकला असेल. त्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या संशोधनात आहे. बर्लिनमधील सर्वोत्तम व्हायोलिन विद्यार्थ्यांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्यानं केलेला सराव सरासरी तेवढा भरला होता. पण ती सरासरी होती, हमी नव्हे. एरिक्सन यांचा भरही तासांपेक्षा उणिवा हेरून केलेल्या सरावावर होता.

मग फरक कशानं पडतो?

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील एक प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 17 पियानोवादकांना शोस्ताकोविचच्या रचनेतील तीन मापांचा छोटा तुकडा बसवायला दिला. वेळेचं बंधन नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं तो 15 वेळा वाजवला. कोण किती वेळ बसलं किंवा किती वेळा वाजवलं, यावर क्रमांक ठरला नाही. पहिल्या तिघांच्याही सुरुवातीला चुका झाल्याच होत्या. पण त्यांनी चुकीची नेमकी जागा शोधली, लय उतरवली आणि ती जागा स्थिर होईपर्यंत सोडली नाही.

कारण सरळ आहे. बोटांना बरोबर-चूक कळत नाही. जे वारंवार घडतं, ते पक्कं होतं. दहापैकी सात वेळा चुकीचं वाजलं, तर रियाज चुकीचाच झाला.

घरी काय करता येईल?

• पहिल्यापासून वाजवू नका : अडतं तिथले तीन-चार स्वरच घ्या. अंगठा फिरताना अडखळतो की स्वरच आठवत नाही, हे आधी ठरवा.

• लय उतरवा : मोबाइलवरील मेट्रोनोम किंवा तबल्याचं ॲप 60 वर ठेवा. सलग पाच वेळा बिनचूक आलं, तरच थोडं वाढवा. तबल्यात कायदा आधी ठायीत, मग दुगुण-चौगुण घेतात, तोच हा नियम.

• तुकडा पुन्हा जोडा : मागची-पुढची एकेक मात्रा घेऊन वाजवा, मग पूर्ण बंदिश.

• रेकॉर्ड करून ऐका : वाजवताना न कळलेली चूक ऐकताना कळते.

• झोप मोडू नका : बोटांच्या हालचालींची स्मृती झोपेत पक्की होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या चार तासांपेक्षा आठवडाभर रोजचा अर्धा तास बरा.

सप्ताहात साथ केली, तो रियाज नाही का?

ज्ञानेश्वरी जिथं लिहिली गेली, ते नेवासे याच जिल्ह्यातलं. इथली अनेक मुलं हरिनाम सप्ताहात पखवाज, पेटीची साथ करतात. त्यातून कान आणि धिटाई तयार होते. पण कीर्तन रंगलेलं असताना थांबून चूक दुरुस्त करता येत नाही, ती झाकून पुढं जावं लागतं. दुरुस्ती घरीच करावी लागते.

क्लासचा उपयोग काय?

तालीम आणि रियाज या दोन वेगळ्या गोष्टी. चूक का होते, हे गुरुजी तालमीत दाखवतात. ती घालवायचं काम विद्यार्थ्याचं. म्हणून क्लासमधून निघताना एक प्रश्न विचारावा : ‘या आठवड्यात कोणती एक गोष्ट सुधारू?’

पालकांनीही ‘किती वेळ बसलास?’ ऐवजी ‘आज कोणती जागा सुटली?’ असं विचारून पाहावं. उत्तर देता आलं, तर वीस मिनिटांचा रियाजही सत्कारणी लागला.