हंगाम आणि किंमत : अमेरिकेतील वापरलेल्या शिकारी रायफलींच्या बाजाराचा विचार

प्रस्तावना :

हंगामी किंमतबदल हा विषय अर्थशास्त्राच्या वर्गात बहुधा कांद्याच्या वा टोमॅटोच्या उदाहरणाने शिकविला जातो. नाशवंत माल, काढणीच्या वेळी एकदम होणारी आवक आणि कोसळणारे भाव हा क्रम विद्यार्थ्यांना सहज पटतो. परंतु वस्तू नाशवंत नसेल, तिचे उत्पादनही हंगामी नसेल, केवळ तिचा वापर हंगामी असेल, तर तिच्या किमतीचे काय होते? या प्रश्नाच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील वापरलेल्या शिकारी रायफलींचा बाजार हे एक बोलके उदाहरण आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी असल्याने असा हंगाम आपल्याकडे नाही. तरीही त्यामागील तत्त्व आपल्याला परके नाही.

वापराचा हंगाम :

अमेरिकेत शिकारीच्या तारखा प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते. हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पेनसिल्व्हेनियात तो दीर्घकाळ या सणानंतरच्या सोमवारी सुरू होत असे. २०१९ पासून तो शनिवारवर आणला गेला. २०२२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार त्या देशात सोळा वर्षांवरील शिकाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ४४ लाख होती. त्यांपैकी हरणाच्या शिकारीस जाणाऱ्या अनेकांची रायफल वर्षातील मोजकेच दिवस बाहेर निघते आणि उरलेला काळ कपाटात राहते.

साहजिकच ऑगस्टपासून दुकानांत विचारणा वाढते आणि विक्रेता आपल्या भावावर ठाम राहतो. हंगाम सरला की चित्र उलटते. नाताळच्या खर्चाने हात आखडलेला, किंवा यंदाच्या रायफलीवर नाराज झालेला शिकारी जानेवारी-फेब्रुवारीत ती विकावयास काढतो, तेव्हा घेणारे थोडे असतात. प्राप्तिकराचा परतावा हाती आल्यावर काही काळ खरेदीस हुरूप येतो. त्यानंतर उन्हाळ्याच्या प्रारंभी पुन्हा मंदी जाणवते.

तफावत का टिकते?

येथे एक शंका उपस्थित होते. फेब्रुवारीत स्वस्त घेऊन ऑक्टोबरमध्ये महाग विकणे शक्य असेल, तर सर्वजण तसे करतील आणि तफावत नाहीशी होईल. ती पूर्णपणे नाहीशी का होत नाही?

आपल्याकडील बैलबाजाराशी तुलना केल्यास उत्तर सापडते. पेरणीच्या तोंडावर बैलजोडीचा भाव चढतो आणि शेतीची कामे आटोपल्यावर उतरतो, कारण बिनकामाच्या बैलालाही रोज वैरण घालावी लागते. रायफल वैरण खात नाही. ती खाते फक्त व्याज. समजा, एखादी रायफल ऑक्टोबरमध्ये ५०० डॉलरला विकली जाईल अशी दुकानदाराची खात्री आहे. ती त्याने फेब्रुवारीत घेतल्यास आठ महिने पैसे अडकतील. वार्षिक १२ टक्के दराने हे व्याज ८ टक्के होते. म्हणजे आज त्या रायफलीचे मूल्य सुमारे ४६३ डॉलर. त्यातून त्याचा नफा, जागेचे भाडे आणि न विकली जाण्याची जोखीम वजा होते. विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम म्हणूनच पुष्कळ कमी असते. हंगामाचा परिणाम दुकानातील लेबलावर जितका दिसतो, त्यापेक्षा दुकानदार जुन्या रायफलीला किती देऊ करतो यात अधिक दिसतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नव्या मालाची मर्यादा :

हंगामात भाव बेसुमार का चढत नाहीत, हेही पाहिले पाहिजे. नवीन रायफलींवरील सवलती नेमक्या शरद ऋतूत आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ‘ब्लॅक फ्रायडे’ला, जोरात असतात. सर्वाधिक मागणीच्या काळातच किरकोळ किमती उतरतात, हे वॉर्नर व बार्स्की यांनी १९९५ मध्ये आणि शेव्हालिए, कश्यप व रोसी यांनी २००३ मध्ये इतर वस्तूंच्या बाबतीत दाखविले आहे. ग्राहक तेव्हा अनेक दुकाने फिरतो आणि दुकानदारांची स्पर्धा तीव्र होते. नवी साधी रायफल सवलतीत मिळू लागली की तशाच जुन्या रायफलीला तिच्याहून अधिक भाव कोणी देत नाही. १९६४ पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७० सारखी संग्राहकांची रायफल मात्र या नियमास अपवाद ठरते. तिचा ग्राहक हरणाच्या मागे नसतो.

मोजमापातील अडचणी :

सरासरी किमतींवरून ऋतुनिर्देशांक काढणे धोक्याचे आहे. जानेवारीत विक्रीस येणाऱ्या रायफली आणि सप्टेंबरमधील रायफली एकाच प्रतीच्या नसतात. सरासरी उतरली म्हणजे तीच रायफल स्वस्त झाली असे होत नाही. नोव्हेंबर १९९८ पासून सुरू असलेल्या पार्श्वभूमी-तपासणी यंत्रणेचे मासिक आकडे उपलब्ध आहेत, पण अनेक राज्यांतील खाजगी व्यवहार त्यांत येत नाहीत. शिवाय डिसेंबर २०१२ मधील सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर किंवा २०२० च्या महासाथीत मागणीचे जे उधाण आले, त्याचा हरणाच्या हंगामाशी संबंध नव्हता. अशा वर्षांमुळे सरासरी बिघडते. तेथे मध्यगा अधिक विश्वसनीय ठरते.

विकण्याची वेळ निवडता येणे ही सुविधा सर्वांना नसते. गहाणवटीच्या दुकानात जानेवारीत रायफल ठेवणाऱ्याला ऑक्टोबरपर्यंत थांबता येत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर कपाटातील चार-पाच रायफलींचे काय करावे हे न कळणाऱ्या कुटुंबालाही हंगामाची जाण असतेच असे नाही. काही दुकाने अशा वेळी रायफल विकत न घेता विक्रीपर्यंत दलालीवर ठेवून घेतात. त्यात भाव बरा मिळतो. मात्र तोवरची प्रतीक्षा दुकानदाराऐवजी त्या कुटुंबाला करावी लागते.