यंत्राची साखर, लॅबची साखर

‘घरच्या यंत्रावर १८० आली, लॅबच्या कागदावर १६०. आता खरं कुणाचं धरायचं?’ आमच्या माढ्यात हा प्रश्न हमखास कानावर पडतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

लॅबवाले शिरेतलं रक्त घेतात, पेशी वेगळ्या करतात आणि उरलेल्या द्रवातली साखर मोजतात. यंत्राला बोटाचा एक थेंब पुरतो. पट्टीवरच्या रसायनाशी साखरेची क्रिया होते, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह उठतो आणि त्यावरून यंत्र आकडा सांगतं. उपाशीपोटी बोटातली आणि शिरेतली साखर जवळजवळ सारखी असते. जेवणानंतर मात्र बोटातली जास्त भरते. म्हणून ताळा करायचा तर उपाशीपोटी आणि एकाच वेळी.

२०१३च्या आंतरराष्ट्रीय मानकानं यंत्राला थोडी सूट दिली आहे. साखर १००च्या खाली असेल तर १५ अंकांची आणि पुढे १५ टक्क्यांची. शंभरातल्या ९५ चाचण्या एवढ्यात बसल्या की यंत्र पास. म्हणजे १६०ला १८० हे चालण्यासारखंच.

याहून मोठी तफावत बहुधा आपल्याच हातांनी होते. द्राक्षं-डाळिंबं हाताळलेलं बोट न धुता टोचलं, की फळाची साखर आपल्या नावावर चढते! पट्ट्यांची डबी उघडी राहिली, मुदत उलटली किंवा चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तापली, तरी आकडा बिघडतो. अंगात रक्त कमी असेल तर यंत्र साखर जास्त दाखवतं. आपल्याकडच्या बायाबापड्यांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवं.

लॅबही काही देवदूत नव्हे. नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के. म्हणून फ्लोराइडची वेगळी नळी लागते आणि नमुना वेळेत पोचावा लागतो.

मधुमेह आहे की नाही, हे लॅबनंच ठरवावं. केवळ यंत्राच्या एका आकड्यावर इन्शुलिनचा डोस वाढवणं जिवावर बेतू शकतं. यंत्राचा खरा उपयोग रोजचा चढउतार कळण्यासाठी आणि साखर एकदम उतरली तर. रमजानमध्ये पुष्कळजण बोट टोचायला कचरतात. त्यानं रोजा तुटत नाही. आकडा ७०च्या खाली गेला तर मात्र डॉक्टर रोजा तिथेच सोडायला सांगतात. आणि घाम फुटून हात थरथरत असतील, तर यंत्रानं ८० दाखवले तरी आधी साखर तोंडात टाकावी; सूट धरली तर ते ६५सुद्धा असू शकतात.