अपूर्ण विचारांचे मोल : आंतरजालावरील सामुदायिक संशोधन

छापील शोधनिबंधात सिद्धान्त दिसतो. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वी किती वाटा चोखाळल्या गेल्या आणि त्यांपैकी किती मध्येच खुंटल्या, याचा मागमूस त्यात राहत नाही. गुरूच्या सान्निध्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला संशोधनाचे हे अंग काही अंशी पाहावयास मिळते. इतरांना ते अगोचरच राहते. आंतरजालामुळे माहितीचा प्रसार शीघ्र झाला, हे सर्वमान्य आहे. त्याहून मूलगामी फेरफार हा की, विचार अपूर्ण असतानाच तो सर्वांसमोर मांडणे आणि नोंदवून ठेवणे शक्य झाले. गणितातील ‘पॉलिमॅथ’ या नावाने झालेल्या उपक्रमांवरून या फेरफाराचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा ध्यानात येतात.

केंब्रिज येथील गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये आपल्या संकेतस्थळावर एक प्रश्न उपस्थित केला : अनेकांनी एकत्र येऊन, उघडपणे, गणितातील संशोधन करणे शक्य आहे काय? कसोटीसाठी त्यांनी ‘घनता हेल्स–ज्युएट’ सिद्धान्त निवडला. फुली-गोळ्याच्या नऊ घरांच्या पटाचा विस्तार अनेक मितींत केला आणि मितींची संख्या पुरेशी मोठी असली, तर एकूण घरांचा ठरावीक अंश, मग तो शेकडा एक का असेना, कसाही निवडला तरी त्यात एक तरी पूर्ण ओळ सापडतेच, असे हा सिद्धान्त सांगतो. फर्स्टनबर्ग व कॅट्झनेल्सन यांनी १९९१ मध्ये त्याची सिद्धता दिली होती. मात्र ती एर्गोडिक सिद्धान्ताच्या दूरच्या मार्गाने आलेली होती. हवी होती ती समचयात्मक साधनांनीच दिलेली सिद्धता.

या सहकार्याचे नियम साधे होते. कोणीही दीर्घकाळ एकांतात राबू नये. सुचेल तो विचार थोडक्यात मांडावा. तो अर्धवट किंवा चुकीचा ठरण्याजोगा असला तरी संकोच करू नये. आणि परस्परांशी सौजन्याने वागावे. फील्ड्स पदकाचे मानकरी गॉवर्स व टेरेन्स टाओ यांच्यासमवेत माध्यमिक शाळेत शिकविणारे शिक्षकही चर्चेत सहभागी झाले. १० मार्च २००९ रोजी प्रश्न बहुधा सुटल्याचे गॉवर्स यांनी जाहीर केले, आणि २०१२ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात ही सिद्धता ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामूहिक नावाने प्रसिद्ध झाली.

या यशावरून व्यक्तिप्रतिभेचे युग संपले, असा निष्कर्ष काढणे मात्र सयुक्तिक होणार नाही. मे २०१३ मध्ये यितांग झांग यांचा शोध जाहीर झाला : ज्यांतील अंतर ७ कोटींहून अधिक नाही अशा मूळसंख्यांच्या जोड्या अनंत आहेत. हा शोध त्यांनी एकट्याने लावला होता. त्यानंतर टाओ यांच्या पुढाकाराने आठवा पॉलिमॅथ उपक्रम सुरू झाला आणि ही मर्यादा ४,६८० पर्यंत खाली आली. झांग यांच्या युक्तिवादाचे घटक पृथक् करता येण्याजोगे होते, आणि कोणत्याही घटकात सुधारणा झाली की तिचा परिणाम आकड्यात तत्काळ दिसे. म्हणून श्रमविभाग सुकर झाला. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तरुण संशोधक जेम्स मेनार्ड यांनी स्वतंत्र विचाराने वेगळी पद्धती शोधून ही मर्यादा ६०० वर आणली. तीच कल्पना टाओ यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती. पुढे मेनार्ड यांच्या सहभागाने समुदायाने २०१४ मध्ये २४६ हा आकडा गाठला. तात्पर्य, मूळ कल्पना एकांतात स्फुरली, आणि तिचे सामर्थ्य शेवटपर्यंत पारखण्याचे काम समुदायाने केले. दोहोंत विरोध नसून क्रम आहे.

उच्च शिक्षणाच्या दृष्टीने सर्वाधिक बोधप्रद उदाहरण मात्र अयशस्वी वाटलेल्या उपक्रमाचे आहे. +१ व −१ यांच्या कोणत्याही अनंत अनुक्रमात समान अंतरे टाकून घेतलेल्या पदांची बेरीज हवी तितकी मोठी करता येते काय, हा पॉल एर्डोश यांचा प्रश्न २०१० मध्ये पाचव्या उपक्रमाने हाती घेतला. तो सुटला नाही, चर्चा मंदावली. तथापि, हा प्रश्न एका विशिष्ट प्रकारच्या गुणनशील फलनांच्या प्रश्नात कसा रूपांतरित होतो, हे त्या चर्चेत नोंदविले गेले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये टाओ यांच्या अन्य विषयावरील लेखनाचे या प्रश्नाशी असलेले साम्य एका वाचकाने त्यांच्या निदर्शनास आणून दिले, आणि त्याच जुन्या रूपांतराचा आधार घेऊन टाओ यांनी प्रश्नाची पूर्ण उकल केली. केवळ यशस्वी फलितेच प्रसिद्ध करण्याची रूढी येथेही पाळली गेली असती, तर हा आधार त्यांच्या हाती लागताच असे नाही.

येथेच विद्यापीठांपुढील खरा प्रश्न उभा राहतो. पदवी, नेमणूक आणि बढती यांची व्यवस्था नावानिशी प्रसिद्ध झालेल्या, पूर्णत्वास गेलेल्या कार्यावर उभी आहे. ज्याला अद्याप स्थान मिळवावयाचे आहे, अशा विद्यार्थ्याने आपली उत्तम कल्पना खुल्या चर्चेत मांडावी आणि निबंधावर मात्र सामूहिक नाव यावे, ही अपेक्षा प्रतिष्ठित प्राध्यापकाला सोपी, पण त्याला महाग पडणारी आहे. या अडचणीचे उत्तरही अंशतः त्या नोंदीतच आहे, कारण चर्चेतील प्रत्येक विधानापाशी लिहिणाऱ्याचे नाव व दिनांक असतो. कोणी कोणता पूर्वपक्ष मांडला, कोणी त्यातील दोष दाखविला, कोणी विस्कळीत चर्चेचा सारांश करून नवागतांना वाट दाखविली, हे सारे पडताळून पाहता येते. मात्र अशी नोंद वाचण्यास परीक्षकाला वेळ आणि विवेक हवा. प्रकाशित निबंधांची संख्या मोजण्याइतके ते सोपे नाही. हे श्रम घेण्याची तयारी विभागांनी दाखविली, तरच अपूर्ण विचार निर्भयपणे मांडण्याचा सल्ला विद्यार्थ्यांना देण्याचा अधिकार त्यांना प्राप्त होईल.