न कोरलेलं हसू

खुर्चीच्या पाठीवर, अगदी वरच्या टोकाला, बंदुकांचे दोन दस्ते आहेत. स्क्रूच्या भोकांचे झाले डोळे, पट्टा अडकवायच्या जागेची खूण झाली तोंड. दोन्ही चेहरे हसतायत. मोझांबिकचे कलाकार केस्टर यांनी ही खुर्ची 2001 मध्ये वेल्डिंग करून जोडली, पण हसू त्यांनी कोरलेलं नाही. ते दस्त्यांतच होतं. निकामी शस्त्रांच्या ढिगातून नेमके असे दस्ते उचलायचे, एवढंच त्यांनी केलं. अवघड काम तेच.

गोव्यासारखाच मोझांबिकही पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. 1752 पर्यंत तर त्याचा कारभार गोव्यातूनच चाले. 1975 मध्ये स्वातंत्र्य आलं आणि दोन वर्षांत यादवी पेटली. 1992 मध्ये रोमला करार होईपर्यंत सुमारे दहा लाख माणसं गेली. लढाई थांबली, बंदुका मात्र घरांत, जमिनीत पुरलेल्या, तशाच राहिल्या. मग 1995 मध्ये बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तिथल्या चर्चच्या मंडळाने योजना काढली: हत्यार आणा, अवजार न्या. कुणी कुदळ नेली, कुणी सायकल, कुणी शिलाई मशीन. एका गावाने 500 शस्त्रं जमवून ट्रॅक्टरच मिळवला. आपण खंडेनवमीला शस्त्रं आणि अवजारं एकत्र पूजतो. तिथे एक देऊन दुसरं घ्यायचं होतं.

निकामी केलेल्या शस्त्रांचे तुकडे राजधानी मापुतोतल्या कलाकारांकडे आले. मोझांबिकमध्ये बंदुका बनतच नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक तुकडा परका. खुर्चीची पाठ पोर्तुगीज जी-3 रायफलींची, बसायची जागा पोलंड-चेकोस्लोव्हाकियाच्या बंदुकांची, पुढचा एक पाय म्हणजे उत्तर कोरियाच्या बंदुकीची नळी. कोणी कोणाला शस्त्रं पुरवली, याचा सगळा हिशेब त्या एका खुर्चीत आहे. आणि तो मांडायला कुणी बसलं नव्हतं, जे हाती आलं त्यातून तो आपसूक मांडला गेला.

ब्रिटिश म्युझियमने 2002 मध्ये ती विकत घेतली. मग केस्टर आणि आणखी तिघांकडून तशाच शस्त्रांचं सुमारे अर्धा टन वजनाचं झाड करवून घेतलं. ते 2005 मध्ये लंडनला मांडलं गेलं. फांद्या, पक्षी, कासव. लोकांना फार आवडलं. मला खुर्चीच सरस वाटते. झाडाची कल्पना आधी ठरली होती आणि तुकडे तिच्यात बसवले गेले. खुर्चीवरचं हसू कुणीच ठरवलेलं नव्हतं.